तारवटी आणि खलाशी

एप्रिल २०२० मध्ये गोव्यातल्या कितीतरी घरांचा जीव मुंबईबाहेरच्या समुद्रात टांगणीला लागला होता. टाळेबंदी लागलेली, क्रूझ जहाजे बंदराबाहेर खोळंबलेली आणि त्यांवर आपली तारवटी, म्हणजे जहाजांवर नोकरी करणारी, पोरे. घरच्यांनी आमदार गाठले, मंत्र्यांना निवेदने दिली, वर्तमानपत्रांना पत्रे लिहिली. मागणी एकच: पोरगा आमचा आहे, धडधाकट आहे, त्याला उतरू द्या, घरी येऊ द्या. ती मागणी कुणालाही अवाजवी वाटली नाही. वाटण्यासारखी नव्हतीच.

त्याच दिवसांत गोव्यात अडकलेले मजूरही ‘घरी जाऊ द्या’ म्हणत होते. बांधकामे बंद, हॉटेले बंद, मुकादमाचा फोनही बंद. मे महिन्यात थिवी आणि मडगावहून श्रमिक गाड्या सुटू लागल्या, तोवर कित्येकांच्या गाठीचे पैसे संपले होते. काहीजण गाडीची वाट न पाहता चालत निघाले. मागणी अक्षरशः तीच आणि पोरगेही कुणाचे तरीच. त्यांच्या बाबतीत मात्र ‘बरे झाले, गोवा जरा मोकळा होईल’ असे म्हणणारे मी या कानांनी ऐकले. पुढे पावसाळा सरला, कामे सुरू झाली आणि तीच मंडळी ‘गवंडी मिळत नाही हो’ म्हणून कपाळाला हात लावू लागली.

दुसऱ्याने आपल्याशी जसे वागावे असे वाटते तसे आपण त्याच्याशी वागावे, या वाक्याला कुणी विरोध केल्याचे ऐकिवात नाही. ते शाळेच्या भिंतीवर रंगवलेले असते आणि भिंतीवरच्या वाक्यांचा हिशेब कुणी मागत नाही. गोव्याने तो मागावा, असे माझे म्हणणे आहे. आपली इतकी माणसे परक्यांच्या दारात आणि त्याच वेळी इतके परके आपल्या दारात, असे फार थोड्या मुलखांच्या वाट्याला येते. तिकडे आपल्या पोराला काय मिळाले पाहिजे, याची आपल्याकडे चक्क यादी आहे, छापील, कलमवार. ती यादी इकडे आलेल्या पोराला लावायची आपली तयारी आहे का, हा सार्वजनिक प्रश्न आहे. स्वभावाने कोण किती गोड, याच्याशी त्याचा फारसा संबंध नाही.

परक्या दारात उभे राहणे गोंयकाराला नवीन नाही. मुंबईत धोबीतलावाच्या आसपास गावागावांच्या नावाने कुडी, म्हणजे सामायिक बिऱ्हाडे, होत्या, काही अजून आहेत. बोटीवर काम मिळेपर्यंत पोरगा तिथे राहायचा; एक पेटी, एक चटई आणि भिंतीवर गावच्या सायबाची, म्हणजे संताची, तसबीर. गिरगावात आपल्या हिंदू मंडळींनी संसार मांडले, १९१९ मध्ये गोवा हिंदू असोसिएशन काढली आणि त्या संस्थेची नाटके मुंबईने डोक्यावर घेतली. युगांडात इदी अमीनने १९७२ मध्ये आशियाई लोकांना नव्वद दिवसांत चालते व्हायला सांगितले, त्यात आपले लोक होते. ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेत घेतले, तेव्हा अम्मानच्या विमानतळावर ताटकळलेल्या भारतीयांतही होते. ज्याने कुणी अशा वेळी पाण्याची बाटली पुढे केली, त्याचे नाव त्या घरांत आजही निघते. ज्याने दार लावून घेतले त्याचेही निघते.

साखवाळचे धर्मानंद कोसंबी १८९९ मध्ये ज्ञानाच्या ध्यासाने घराबाहेर पडले. काशीला अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकले, पुढे नेपाळ, सिंहल, ब्रह्मदेश पालथे घालून पालीचे पंडित झाले. अन्नछत्रात पान वाढणाऱ्याने त्यांना ‘तू कुठला?’ म्हणून हटकले असते, तर आपण एका थोर माणसाला मुकलो असतो. ज्या पालीत त्यांनी आयुष्य घालवले, त्याच भाषेत बुद्धाचे वचन आहे: दंडाला सगळेच भितात, तेव्हा स्वतःवरून दुसऱ्याला ओळखावे, मारू नये आणि मारवू नये. यातला शेवटचा तुकडा मला भलताच आजचा वाटतो. आपण स्वतः कुणाला उघड्यावर झोपवत नाही, कुणाचा पगार अडकवत नाही. ते काम ठेकेदार करतो. आपण फक्त सर्वांत कमी दराची निविदा मंजूर करतो.

माणसांचे सोडा, आपले देवसुद्धा स्थलांतरित आहेत. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी देवळे पाडायला सुरुवात केली तेव्हा मंगेश कुठ्ठाळीहून प्रियोळला आला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला आणि म्हालसा वेर्ण्याहून म्हार्दोळला. रातोरात नदी ओलांडून, मिळेल त्या होडीतून, मिळेल त्या कुळागरात. फोंडा तेव्हा आदिलशाहीत होता. ‘ही मूर्ती कुठली, हिचे मूळ कागद दाखवा’ असे तिथल्या गावकऱ्यांनी विचारले नाही, म्हणून आज आपल्याला जत्रा आहेत आणि पालख्या आहेत.

ज्या वेर्ण्याहून म्हालसेला निघावे लागले, त्या वेर्ण्यात आता औद्योगिक वसाहत आहे. मे २०२४ मध्ये एका रात्री तिथल्या रस्त्याच्या कडेला झोपड्यांत झोपलेल्या मजुरांवर एक खासगी बस चढली. चार जण गेले, बिहारचे होते. चर्चा झाली ती चालक प्यायला होता की नाही याची. ती व्हायलाच हवी होती. पण माणसे रस्त्याच्या कडेला का झोपली होती? बांधकाम कामगारांसाठीच्या १९९६ च्या कायद्याने मालकावर जबाबदारी टाकली होती की कामाच्या जागेवर किंवा शक्य तितक्या जवळ त्यांना राहण्याची तात्पुरती सोय द्यावी आणि त्याचे पैसे घेऊ नयेत. त्याच सुमाराच्या दुसऱ्या कायद्याने बांधकामखर्चावर एक टक्का उपकर बसवला, कामगारांच्याच कल्याणासाठी. हे कायदे आता नव्या कामगार संहितांत सामावले गेले आहेत. म्हणजे सोय द्यावी की नाही, हा वाद सुटून एक पिढी झाली. देणारा मात्र अजून रस्त्यावर दिसत नाही, झोपणारेच दिसतात.

जानेवारी २०१४ मध्ये काणकोणात चावडीला बांधकाम चालू असलेली इमारत कोसळली, ३१ जीव गेले, बहुतेक बाहेरून आलेले मजूर. डिसेंबर २०२५ मध्ये हडफड्याला नाइट क्लबला आग लागली. २५ मृतांपैकी २० जण तिथे कामाला होते, झारखंडचे, आसामचे, उत्तराखंडचे, नेपाळचे. बरेचसे तळघरात धुराने गुदमरले. त्यांच्या गावांची नावे आपण पहिल्यांदा वाचली ती मृतांच्या यादीत. रोज रात्री हीच माणसे आपल्यासमोर ताट ठेवत होती, तेव्हा ‘गाव कुठले रे?’ हा साधा प्रश्न किती जणांनी विचारला असेल? माणूस जिवंत असताना ‘परप्रांतीय’ आणि मेल्यावर ‘दुर्दैवी कामगार’, ही आपली रीत होऊन बसली आहे.

आता त्या यादीकडे येतो, कारण माझा सगळा भर तिच्यावर आहे.

जहाजावर काम करणाऱ्यांसाठी २००६ मध्ये आंतरराष्ट्रीय सागरी कामगार करार झाला. तो २०१३ पासून अमलात आहे, भारताने २०१५ मध्ये त्याला मान्यता दिली. आपल्या तारवट्यांना त्यातली कलमे तोंडपाठ असतात आणि असावीतच. प्रत्येकाला स्वतंत्र बिछाना, आतून किमान १९८ सेंटीमीटर लांब आणि ८० सेंटीमीटर रुंद. ज्यांना स्वतःची न्हाणी नाही अशा दर सहा माणसांमागे किमान एक संडास, एक बेसिन, एक शॉवर. गरम आणि थंड, दोन्ही गोडे पाणी. जेवण मोफत. चोवीस तासांत किमान दहा तास विश्रांती. पगार महिन्याच्या आत. आजारी पडला तर उपचार आणि करार संपला की घरी पोचवण्याचा खर्च जहाजमालकाचा. सुखसोयींची यादी म्हणावी असे यात काही नाही. माणूस म्हणून उभे राहायला जेवढे लागते तेवढेच मोजून लिहिले आहे. आपल्या पोराच्या बाबतीत यातली एक ओळ चुकली तरी आपण दूतावासाला पत्र लिहितो.

ही यादी घेऊन साळ नदीच्या मुखाशी कुटबणच्या जेटीवर जाऊन पाहा. किंवा मालीमला, मांडवीच्या काठी, पणजीच्या अगदी समोर. तिथल्या ट्रॉलरांवर आणि पर्ससीनच्या बोटींवर तांडेलाच्या हाताखाली राबणारे खलाशी आज ओडिशा, झारखंड, छत्तीसगड, कर्नाटक, नेपाळमधून येतात. मोठ्या बोटीवर पंचवीस-तीस जण. रात्री डेकवर, जाळ्यांच्या ढिगाजवळ, जागा मिळेल तिथे अंग टाकायचे. बोट धक्क्याला लागली तरी राहायचे बोटीवरच. संडास म्हणजे समुद्र, नाहीतर नदी. ऑगस्ट-सप्टेंबर २०२४ मध्ये याच कुटबणला खलाशांमध्ये कॉलरा पसरला, काहीजण दगावले. कॉलरा म्हटले की आपल्याला शंभर वर्षांपूर्वीच्या गोष्टी आठवतात. तो आपल्याच किनाऱ्यावर आला, कारण पिण्याच्या पाण्याची आणि शौचालयांची व्यवस्था माणसांच्या मानाने नव्हती. त्या दिवसांत घरोघरी चिंता एकच होती, मासे खायचे की नाही. हुमणाविना जेवण जात नाही हे मी समजू शकतो, मीही त्याच मुलखातला आहे. पण ताटातल्या बांगड्याची जेवढी चौकशी झाली, तेवढी तो पकडणाऱ्याची झाली नाही.

आणि कायद्याची गंमत पाहा. २००६ चा तो करार मासेमारीच्या बोटींना लागू नाही. त्यांच्यासाठी २००७ मध्ये वेगळा करार झाला, भारताने त्याला मान्यता दिलेली नाही. समुद्र तोच, खारा वारा तोच. क्रूझवर भांडी घासणाऱ्या दक्षिण गोव्यातल्या सासष्टीच्या पोराला १९८ सेंटीमीटरचा बिछाना हक्काने मिळतो; सासष्टीच्याच किनाऱ्यावर जाळे ओढणाऱ्या झारखंडच्या पोराच्या बिछान्याची लांबी कुणी कधी मोजलेली नाही.

हे फक्त सरकारचे किंवा बोटमालकांचे दुखणे आहे, असे म्हणून सुटका नाही. आमच्या वाड्यावर एक घर आहे. मुलगा क्रूझवर, स्वयंपाकघरात. घरामागे पत्र्याच्या तीन खोल्या काढून भाड्याने दिल्या आहेत, जवळच्या कारखान्यात जाणाऱ्या पोरांना. भाडे माणशी. सगळ्यांना मिळून नळ एक आणि त्याला कुलूप. पाणी संध्याकाळी तासभर. कुलपाची किल्ली स्वयंपाकघरात ज्या खिळ्याला असते, त्याच्याच शेजारी मुलाच्या कंपनीचे कॅलेंडर आहे, निळ्याशार समुद्राचे. मुलाचा व्हिडिओ कॉल आला की आईचा पहिला प्रश्न ठरलेला: ‘पुता, उदक गरम येता मरे?’ बाई वाईट मुळीच नाही. चवथीला त्या पोरांना आठवणीने नेवऱ्या देते, एकाला ताप आला तेव्हा तिने पेज करून दिली होती. तिच्या मनात दया आहे, फक्त नळापर्यंत ती पोचलेली नाही.

आपल्या चांगुलपणाची खरी अडचण इथे आहे. देणाऱ्याला जे द्यायला बरे वाटते, तेवढेच आपण देतो. नेवऱ्या, जुने कपडे, दिवाळीला शंभराची नोट, कामावर आला की चहा. घेणाऱ्याला हवे असते सात तारखेला पगार, भाड्याची पावती, दोन वेळचे पाणी, नाव घेऊन मारलेली हाक. दुसऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून पाहायचे तर पुरते ठेवावे लागते. आपला मुलगा दुबईत एका खोलीत दहा जणांबरोबर राहतो असे कळले आणि त्याच्या मालकाने ईदला बिर्याणी दिल्याचेही कळले, तर आपण बिर्याणीबद्दल आभार मानू की खोलीबद्दल भांडू?

यावर जे आक्षेप घेतले जातात, ते सगळेच दुष्टपणाचे नाहीत. पहिला आणि वजनदार आक्षेप म्हणजे गोवा लहान आहे. ३,७०२ चौरस किलोमीटर, २०११ च्या जनगणनेत साडेचौदा लाख माणसे. एवढ्याशा भूमीला आपले वळण, आपली भाषा, आपली शेते हरवण्याची भीती वाटत असेल, तर तिला कोतेपणा म्हणून उडवून लावणे बरोबर नाही. कोमुनिदादच्या, म्हणजे गावाच्या सामायिक, जमिनींवर झोपड्या उठतात, त्यामागे कुणाकुणाचे मतांचे हिशेब असतात, हेही खोटे नाही. अतिक्रमण आहे तिथे कायद्याने हटवावे, भाडेकरूंची पोलिस पडताळणी जरूर व्हावी. पण पडताळणी भाडेकरूची होते तशी खोलीचीही व्हायला नको का? एका खोलीत किती माणसे, संडास किती, पाणी किती वेळ, हे पंचायतीने का तपासू नये? अर्जात आपण भाडेकरूचे मूळ गाव विचारतो, ठाणे विचारतो, फोटो घेतो. मालकाने काय दिले, हा रकाना नाही.

आणि जमीन गेली म्हणता, तर ती कुणी नेली तेही बघू या. नगरनियोजन कायद्याच्या १७(२) आणि ३९-अ या कलमांखाली ज्यांनी शेते आणि डोंगर यांचे झोन बदलून मागितले, त्या यादीत एकही बिगारी सापडणार नाही. डोंगर विकत घेणारा दिल्लीहून विमानाने येतो, त्याला आपण ‘सर’ म्हणतो, दलाली घेतो, गृहप्रवेशाला जातो. त्याच डोंगराचा दगड फोडायला रेल्वेने येतो त्याला ‘ए भय्या’. दोघेही भायलेच, बाहेरचेच. राग एकाचा, काढायचा दुसऱ्यावर. कारण दुसरा उलट बोलत नाही. ज्या दिवशी पात्रांवाशी, म्हणजे धन्याशी, भांडायची आपली हिंमत होईल, त्या दिवशी गोवा वाचवण्याच्या गोष्टींवर माझा विश्वास बसेल.

दुसरा आक्षेप गुन्हेगारीचा. एखादी चोरी, एखादा खून झाला आणि आरोपी बाहेरचा निघाला की मथळ्यात त्याचे राज्य येते. आरोपी इथला निघाला की फक्त वय येते. ऑगस्ट २०२४ मध्ये इंग्लंडच्या शहरांत स्थलांतरितांविरुद्ध दंगली उसळल्या. एका भयंकर गुन्ह्यानंतर खोटी अफवा पसरली आणि दिसेल त्या परक्यावर लोक चालून गेले. स्विंडन आणि साउथॉलमध्ये ज्यांची मुले-सुना आहेत, अशा इथल्या घरांत त्या आठवड्यात झोप कुणाला लागली असेल? एकाच्या गुन्ह्यासाठी सगळ्यांना धरणे म्हणजे काय, हे त्या घरांना वेगळे समजवावे लागू नये.

तिसरा आक्षेप सर्वांत जास्त ऐकू येतो आणि सर्वांत लंगडा आहे: ‘आमच्या पोरांना तिकडे कोण मायेने वागवते?’ खरे आहे. आखातात पासपोर्ट काढून घेणारे मालक होते, आहेत. इंग्लंडच्या गोदामात रात्रपाळी करणाऱ्या पदवीधर मुलाला काय ऐकून घ्यावे लागते, ते तो घरी सांगत नाही. पण आपण म्हणतो आहोत तो नियम देवघेवीचा नव्हेच. जसे मिळाले तसे द्यावे, असे तो सांगत नाही. जसे मिळावे असे वाटते तसे द्यावे, असे सांगतो. मिळालेल्या अपमानाची परतफेड तिसऱ्याच माणसावर करायची, तीही ज्याने आपले काही बिघडवलेले नाही अशावर, याला न्याय म्हणत नाहीत. सासुरवास भोगलेल्या बाईने सुनेला छळावे, तसे हे आहे.

मराठी वाचकाला यातली एक बाजू आतून माहीत आहे, म्हणून हे मराठीत लिहितो आहे. जानेवारी २०१८ पासून बांबोळीच्या गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात, बाहेरच्या राज्यांतल्या रुग्णांना शुल्क लागू झाले. दोडामार्ग, बांदा, सावंतवाडीची माणसे पिढ्यानपिढ्या तिथेच येत होती, त्यांतली कितीतरी आपले सोयरे. केवढा संताप झाला! दोडामार्गला लोक आंदोलनाला बसले. शुल्काच्या बाजूने बोलण्यासारखे होते. गोव्याच्या करातून चालणारे इस्पितळ, खाटा मर्यादित, शेजारच्या सरकारने आपली जबाबदारी उचलायला हवी. माझ्या मते माफक शुल्क अन्यायाचे नव्हते. लागले ते दुसरेच. खिडकीवर आधार कार्ड बघून ‘तुम्ही भायले’ म्हटले जाणे लागले. गोव्याच्या औषध कंपन्यांत कामाला येणाऱ्या सिंधुदुर्गच्या पोराला कुणी ‘घाटी’ म्हटले, की आपल्या अंगाचा तिळपापड होतो. मराठीचा आग्रह धरला आणि ‘मग महाराष्ट्रात जा’ असे ऐकावे लागले, की आपण दिवसभर धुमसतो. मग चिंबलच्या इंदिरानगरात किंवा झुआरीनगरात राहणाऱ्या कानडी माणसाला तेच शब्द तितकेच लागत असतील, हे ओळखायला फार मोठी कल्पनाशक्ती लागत नाही.

यात आणखी एक गोष्ट आहे, ती मराठीवाल्यांच्या सभांत सहसा कुणी बोलत नाही. मुक्तीनंतर पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकरांच्या काळात गावोगाव सरकारी मराठी प्राथमिक शाळा निघाल्या. तिथे शिकवायला कोकणातून, घाटावरून मास्तर आले, गावाने त्यांना ओसरी दिली, देवळाच्या अग्रशाळेत जागा दिली. त्या शाळांत शिकलेल्या आपण आपली मुले इंग्रजी शाळांत घातली. पट घसरले, शाळा बंद पडू लागल्या. ज्या तगून आहेत, त्यांतल्या अनेकांच्या बाकांवर आज कोण बसते ते जाऊन पाहावे. गवंड्यांची, बिगाऱ्यांची, लमाणी बायकांची मुले. घरी कानडी नाहीतर भोजपुरी बोलणारी ही मुले शाळेत मराठी कविता म्हणतात, तीही चुकत-माकत का होईना चालीवर. गोव्यातल्या मराठीची पाटी त्यांच्या हातात आहे आणि आपण त्यांच्या बापाला नळाचे कुलूप दाखवतो. मराठीचे भले व्हावे असे ज्यांना मनापासून वाटते, त्यांनी निदान या एका शाळेपुरते त्या बापाशी पालकसभेत खुर्ची देऊन बोलावे.

सीमेवर पत्रादेवीला हुतात्मा स्मारक आहे. १५ ऑगस्ट १९५५ रोजी गोव्याच्या मुक्तीसाठी देशभरातून आलेल्या सत्याग्रहींवर पोर्तुगिजांनी गोळ्या चालवल्या, वीसहून अधिक जण मारले गेले. पंजाबचा कर्नेलसिंग त्यांतला. गोव्यात त्याचे ना घर होते ना जमीन. त्याच नाक्यावरून आज मजुरांनी भरलेल्या गाड्या आत येतात. त्यांच्याशी या हुतात्म्यांची तुलना करण्याचे कारण नाही. हे पोटासाठी येतात, ते मरायला आले होते. पण ‘भायल्यांनी गोव्यासाठी काय केले?’ असे विचारणाऱ्याने एकदा त्या स्मारकापाशी थांबावे.

करायचे काय, याचे उत्तर फार अवघड नाही. सगळे एकदम होणार नाही, म्हणून मी समुद्रापासून सुरुवात करायला सांगेन. दरवर्षी १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, बोटी धक्क्याला असतात. ट्रॉलरांना डिझेलवर सरकारी अनुदान मिळते, म्हणजे आपल्या सर्वांचे पैसे त्या बोटीत आहेत. तेव्हा मत्स्योद्योग खात्याने अनुदानाला अट घालावी: बोटीवर पिण्याच्या पाण्याची टाकी, धक्क्यावर दर सहा माणसांमागे एक संडास, प्रत्येक खलाशाला नाव-गाव लिहिलेला कागद आणि बँकेत पगार. भारत सरकार २००७ च्या करारावर कधी सही करील ते करो, गोव्याला हे करायला त्याची परवानगी लागत नाही.

तपासणीला अधिकारी पुरत नाहीत म्हणतील. निवृत्त तारवटी घ्या. सासष्टीत, बार्देशात, मुरगावात ते गावागावांत आहेत, पेन्शनीच्या मागण्यांसाठी त्यांच्या संघटना आहेत. आयुष्यभर त्यांनी बंदरोबंदरीचे निरीक्षक जहाजावर चढताना पाहिले आहेत. बिछाना कसा मोजतात, पाण्याचा नमुना कसा घेतात, विश्रांतीच्या तासांची खोटी नोंद कशी पकडतात, हे त्यांच्याइतके कुणाला ठाऊक नाही. मोजपट्टी घेऊन त्यांनी जुलैत कुटबणला उतरावे, मग मालीमला. खारीवाड्याच्या बोटी त्यानंतर. आणि ज्या मालकाची बोट नापास होईल, त्याचा स्वतःचा मुलगा कुठल्या जहाजावर आहे, हेही अहवालात लिहावे.